एका ऑर्डरीत चार जिन्नस: यादी फिरवायला कोणतं साधन घ्यावं?

म्हापशातलं एखादं काजूचं दुकान घ्या. चवथ जवळ आली की ऑनलाइन ऑर्डरी वाढतात आणि एकेका ऑर्डरीत खारे काजू, सोलं, खाजं, गूळ असे चार-चार जिन्नस येतात. साठ्याच्या शीटमध्ये प्रत्येक जिन्नस वेगळ्या ओळीवर हवा, गिऱ्हाइकाला मेसेज मात्र एकच जायला हवा. झॅपियर, मेक, एन-एट-एन आणि पॉवर ऑटोमेट ही अशी ऑनलाइन कामं आपोआप करून देणारी साधनं. चौघांनाही यादीवर फिरता येतं, म्हणजे यादीतल्या प्रत्येक जिन्नसासाठी तेच काम पुन्हा करता येतं. यालाच लूप म्हणतात, आणि एकेका वेळेला फेरी. निवड करताना बघायचं ते दोन गोष्टींत: फेऱ्या संपल्यावर सगळं पुन्हा एकत्र कसं येतं आणि पैसे कशाचे मोजले जातात.

आधी पैसे, कारण बहुतेकांचा निर्णय तिथेच होतो. समजा दिवसाला ४० ऑर्डरी, प्रत्येकीत ४ जिन्नस, आणि प्रत्येक जिन्नसामागे दोन कामं: साठा कमी करणं आणि ओळ लिहिणं. झाली ३२० कामं. झॅपियर लूपच्या आतली प्रत्येक यशस्वी कृती एक टास्क धरतं, म्हणजे रोज ३२० टास्क. मेकही मॉड्यूलची, म्हणजे एकेका पायरीची, प्रत्येक फेरी मोजतं, त्यामुळे महिन्याचा १,००० चा मोफत कोटा तीन-चार दिवसांत आटोपतो. पुढे पैसे भरायची वेळ आली की झॅपियरपेक्षा मेक बरंच स्वस्त पडतं. एन-एट-एनची क्लाउड सेवा मात्र अख्ख्या वर्कफ्लोचं, म्हणजे पायऱ्यांच्या पूर्ण साखळीचं, एक चालणं मोजते. आत चार जिन्नस असोत की चारशे, दिवसाचा हिशोब ४० च. याद्या लांब असतील तर हा फरक फार मोठा आहे.

झॅपियरचा लूप लावायला सगळ्यात सोपा. लाइन आयटेम (ऑर्डरीतल्या जिन्नसांच्या ओळी), मजकूर किंवा आकडे, कशावरही फिरतो. एका लूपला कमाल ५०० फेऱ्या. मजकुरावर फिरवताना सांभाळा. विभाजक म्हणून स्वल्पविराम ठेवला आणि यादीत पत्ते असले, तर 'घर क्र. १२, खोर्ली, म्हापसा' या एका पत्त्याच्या तीन फेऱ्या होतात आणि पार्सलच्या शीटमध्ये 'खोर्ली' नावाचं गिऱ्हाईक उगवतं. उभी रेघ (|) विभाजक ठेवा. एकच मेसेज पाठवायचा तर 'शेवटची फेरी' या खुणेवर फिल्टर लावावा लागतो. चालतं, पण वर्कफ्लो वाचणाऱ्याला ते पटकन उमगत नाही.

मेकमध्ये इटरेटर यादी फोडतो आणि अ‍ॅरे अ‍ॅग्रीगेटर पुन्हा बांधतो. ही जोडी मला मनापासून आवडते, कारण फेऱ्या कुठे सुरू होतात आणि कुठे मिटतात ते पडद्यावर डोळ्यांना दिसतं. अ‍ॅग्रीगेटर विसरलात तर पुढचं सगळं जिन्नसागणिक चालतं आणि गिऱ्हाइकाला चार मेसेज जातात. एवढं एक ध्यानात ठेवलं की कोड न येणाऱ्या दुकानदारालाही हे पेलतं.

एन-एट-एनची चाल निराळी. तिथे बहुतेक नोड, म्हणजे पायऱ्या, आलेल्या प्रत्येक आयटेमवर आपसूक चालतात, वेगळा लूप लागतच नाही. मात्र ऑर्डर हा एक आयटेम आणि जिन्नसांची यादी त्याच्या पोटात असेल, तर आधी 'स्प्लिट आउट'ने ती बाहेर काढावी लागते. पुन्हा जोडायला 'अ‍ॅग्रीगेट'. 'लूप ओव्हर आयटेम्स' लागतो तो समोरची सेवा एकदम फार विनंत्या घेत नसेल तेव्हा: दहा-दहाचे गट करायचे, मध्ये थोडं थांबायचं. स्वतःच्या सर्व्हरवर चालवलं तर चालण्यागणिक पैसे नाहीत, पण तो सर्व्हर दुकानातल्या संगणकावर नको. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कशी जाते ते सांगायला नको, आणि तेवढ्या वेळात आलेल्या ऑर्डरी तशाच राहतात. भाड्याचा सर्व्हर घ्या, आणि अपडेट-बॅकअप बघणारं कुणीतरी हवंच.

पॉवर ऑटोमेटचा विचार ऑफिस आधीच मायक्रोसॉफ्ट ३६५ वर असेल तरच करा. 'अप्लाय टू ईच' हा तिथला लूप एकामागून एक चालतो, म्हणून लांब यादीला वेळ खातो. एकाच वेळी ५० पर्यंत फेऱ्या चालवता येतात, पण मग आत बेरजेचं व्हेरिएबल (चालू बेरीज साठवणारा कप्पा) ठेवू नका, आकडे चुकतात. एक्सेलच्या टेबलातून ओळी वाचताना पेजिनेशन (पुढच्या ओळीही आणण्याचं सेटिंग) सुरू केलं नाही तर पहिल्या २५६ च हाती येतात, आणि कुठेही लाल खूण दिसत नाही.

लूप टाळता येतो का, हेही आधी बघा. झॅपियरला गूगल शीटमध्ये लाइन आयटेमच्या अनेक ओळी एकाच कृतीत लिहिता येतात. पॉवर ऑटोमेटमध्ये 'सिलेक्ट' आणि 'फिल्टर अ‍ॅरे' लूपशिवाय यादीला हवा तो आकार देतात. वरच्या ३२० मधली ओळी लिहिण्याची १६० कामं अशीच ४० वर येऊ शकतात.

माझं मत विचाराल तर: दिवसाला पाच-दहा ऑर्डरी आणि छोट्या याद्या असतील तर झॅपियर पुरे. वरच्यासारखं दुकान आणि तांत्रिक माणूस नाही, तर मेक. याद्या शेकड्यांनी असतील आणि सर्व्हर बघणारं घरचं कुणी असेल, तर एन-एट-एन. पैसे भरण्याआधी तिन्हीवर रिकामी यादी, एकाच जिन्नसाची यादी आणि वजनाचा रकाना कोरा असलेला एक जिन्नस अशा तीन ऑर्डरी चालवून बघा. रिकाम्या यादीला एन-एट-एनमधले पुढचे नोड चालतच नाहीत, आणि एक जिन्नस अडला की सेटिंग बदललेलं नसेल तर अख्खा वर्कफ्लो तिथेच थांबतो.