अलंकारांचे पत्ते: सहा महिने वापरल्यावर

आठवी ते दहावीच्या मराठी व्याकरणासाठी घरीच केलेला ७२ पत्त्यांचा संच, सांगलीत जून ते नोव्हेंबर रोज १५ मिनिटं वापरलेला. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूचे ९ बाय ६ सेंटिमीटरचे तुकडे, पुढे उदाहरण, मागे अलंकाराचं नाव. पेढ्यांचे तीन रिकामे खोके: पहिल्यातले पत्ते रोज, दुसऱ्यातले दर तीन दिवसांनी, तिसऱ्यातले आठवड्याला. उत्तर बरोबर आलं की पत्ता पुढच्या खोक्यात, चुकलं की थेट पहिल्यात. ही व्यवस्था छान चालते.

घोळ होतो तो पत्त्यावरच्या मजकुरात. गाईडातली सवय अशी की 'सारखा' दिसला की उपमा, 'जणू' दिसला की उत्प्रेक्षा. पत्ते पाठ होतात, उत्तरं भराभर येतात. मग 'पाऊस सारखा पडतोय' हे वाक्य समोर ठेवलं की मुलं बिनधास्त उपमा म्हणतात. इथे 'सारखा' म्हणजे सतत, तुलना नाहीच. 'धाकटा थोरल्यासारखा उंच आहे' यात तुलना आहे, पण ती नुसती माहिती, चमत्कृती नाही. 'वाटतं, कृष्णेला पाणी वाढणार' हा अंदाज झाला, उत्प्रेक्षा नव्हे.

खरा गुण आला तो एकच जोडी सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिल्यावर. मार्केट यार्डातली हळद हे उपमेय (जिची तुलना करायची), सोनं हे उपमान (ज्याच्याशी करायची), पिवळेपणा हा साधारण धर्म, म्हणजे दोघांतला समान गुण. 'हळद सोन्यासारखी पिवळी' ही उपमा: दोन्ही वेगळी, फक्त साम्य. 'हळद म्हणजे जणू सोनंच' ही उत्प्रेक्षा: हळद सोनंच आहे अशी कल्पना. 'हळदीचं सोनं पोत्यात भरलं' हे रूपक, इथे भेद मिटला. 'ही हळद नव्हेच, हे सोनं' ही अपन्हुती, उपमेयच नाकारलं. 'सोन्याहूनही हळद पिवळी' हा व्यतिरेक, उपमेय वरचढ ठरलं. 'ही हळद की सोनं?' हा ससंदेह, आणि सोनं समजून सोनार तराजू घेऊन धावला तर भ्रांतिमान. 'सांगलीच्या हळदीसारखी सांगलीचीच हळद' म्हटलं की अनन्वय. दोघांमधलं नातं कसं बदलत गेलं हे एकदा दिसलं की व्याख्या पाठ करावी लागत नाही. नंतर प्रत्येकाने आपली जोडी घ्यायची: पूर, ऊस, भाकरी, काहीही.

आठवड्याला दोनच नवे अलंकार घ्यावेत. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात तरी कुठे जास्त आहेत? उपमा, रूपक, दीपक आणि यमक, एवढे चारच.

शब्दालंकारांत, म्हणजे जिथे गंमत शब्दांतच असते तिथे, अनुप्रास सोपा जातो; 'कृष्णाकाठची काळी कोवळी काटेरी वांगी' मोठ्याने वाचलं की कानालाच कळतं. यमक आणि श्लेष मात्र हमखास एकमेकांत मिसळतात. 'कर जोडतो, पण कर भरणार नाही' यात 'कर' दोनदा आला, दोन अर्थांनी. म्हणून हे यमक. श्लेषात शब्द एकदाच येतो आणि दोन्ही अर्थ पेलतो: 'नदी असो वा नाटक, पात्र उथळ असेल तर खोली येत नाही.' १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ज्या गावात नाटक उभं केलं, तिथल्या मुलांना 'पात्र' वेगळं समजवावं लागत नाही. श्लेष ओळखायची कसोटी सोपी आहे: त्या जागी समानार्थी शब्द घालून पाहायचा. दुसरा अर्थ गळाला, तर तो शब्दश्लेष.

संचात दोन उणिवा आहेत. 'एसटी संपावर गेली' यासारखी लक्षणेची वाक्यं, म्हणजे जिथे शब्दाचा सरळ अर्थ सोडून जवळचा दुसरा घ्यावा लागतो (एसटी म्हणजे तिचे कर्मचारी), त्यात बसत नाहीत; अशा शब्दशक्तींचे पत्ते वेगळे करावे लागतात. दुसरी म्हणजे, महिन्याभरात मुलं वाक्य न वाचता पत्त्याचा डाग किंवा दुमडलेला कोपरा ओळखून उत्तर देतात. यावर दर महिन्याला उदाहरणं बदलावीत, आणि ७२ पैकी किमान १२ पत्त्यांच्या मागे 'अलंकार नाही' असं लिहावं. सगळ्यात जास्त वाद याच १२ पत्त्यांवर होतात, आणि जो वाद घालतो त्याला विषय कळायला लागलेला असतो.