एकट्याची प्रार्थना की मंडळीची? ठरवण्याआधी दोन्हींचा हिशेब

नागपुरात ख्रिस्ती माणसाला प्रार्थनेची टंचाई नाही. रविवारी सकाळी उपासना किंवा (कॅथलिकांची) मिस्सा, आठवड्यात कुणाच्या तरी घरी कॉटेज प्रार्थना, मधूनच उपवास प्रार्थना, महिला संघाची वेगळी, तरुण संघाची वेगळी. वर व्हॉट्सअ‍ॅपचा प्रार्थना ग्रुप आहेच. मग दृढीकरण (चर्चचं पूर्ण सभासदत्व देणारा विधी) होऊन दोन-चार वर्षं झालेला पोरगा विचारतो, एवढं सगळं असताना घरी दार लावून आणखी वेगळी प्रार्थना कशाला? प्रश्न रास्त आहे. आणि याच्या उलट टोकाचेही पुष्कळ भेटतात. त्यांना चर्चमधल्या निवडणुका आणि गटबाजीचा वीट आलेला असतो. ते म्हणतात, मी आणि माझा देव, मधे कोणी नको.

हा आढावा या दोघांसाठी आहे. मंडळी म्हणजे इथे चर्चमध्ये एकत्र जमणारे विश्वासणारे. माझं मत आधीच सांगून टाकतो. दोन्ही प्रार्थनांचे दोष वेगवेगळे आहेत आणि एकीतला दोष बहुधा दुसरीतच पकडला जातो. म्हणून एकीच्या जागी दुसरी चालत नाही. सुरुवात कुठून करायची हे मात्र तुम्ही आज कुठे उभे आहात त्यावर ठरेल.

शास्त्र कोणाच्या बाजूने आहे?

शास्त्र म्हणजे बायबल. एकांताच्या बाजूने सर्वांत आधी त्यातल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय पुढे केला जातो. खोलीत जा, दार लाव आणि गुप्तपणे पाहणाऱ्या पित्याशी बोल. मार्कच्या पहिल्याच अध्यायात येशू पहाटे अंधार असताना उठून निर्जन जागी प्रार्थनेला जातो, तेही आदल्या संध्याकाळी सगळं गाव दाराशी लोटून गेल्यानंतर. लूक सांगतो, तो असा वेळोवेळी एकीकडे जात असे. ज्याला सगळ्यात कमी गरज असायला हवी होती, त्यानेच हे टाळलं नाही. वैयक्तिक प्रार्थनेच्या बाजूने याहून भक्कम पुरावा मला दिसत नाही.

मंडळीच्या बाजूनेही वजन कमी नाही. दोघे किंवा तिघे जिथे जमतील तिथे मी आहे, हे मत्तयच्या अठराव्यात. प्रेषितांची कृत्ये उघडा, पहिली मंडळी सतत एकत्र प्रार्थनेत दिसते. बाराव्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र तुरुंगात असतो आणि मार्कच्या आईच्या घरी पुष्कळ जण त्याच्यासाठी प्रार्थना करत असतात. तो सुटून दारावर येतो, रुदा नावाची मुलगी आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळते आणि प्रार्थना करणारी मंडळी तिलाच वेडी ठरवतात. कॉटेज प्रार्थनेत बसणाऱ्यांनी हा प्रसंग अधूनमधून वाचावा. आपण मागतो खरं, पण मिळेल यावर आपलाच विश्वास नसतो. इब्रीकरांस पत्रात तर एकत्र जमणं सोडू नका, असं स्पष्टच आहे.

मत्तयच्या सहाव्यातला रोख लोकांना दाखवायला चौकात उभं राहणाऱ्यांवर आहे, एकत्र जमण्यावर नाही. तोच येशू शब्बाथाला, म्हणजे यहूद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, सभास्थानात जाण्याची रीत पाळत होता. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत तर दोन्ही एकत्र दिसतात. तो पुढे जाऊन एकटाच पालथा पडतो, पण तीन शिष्यांना जवळ ठेवून जागे राहा म्हणतो. ते झोपतात, याचं त्याला दुःखही होतं. म्हणजे प्रार्थना एकट्याची होती आणि सोबतही हवी होती.

एकांतात काय घडतं

पहिली गोष्ट म्हणजे खरेपणा. रविवारी सगळ्यांबरोबर ‘आम्ही पाप केलं आहे’ म्हणणं फारसं जड जात नाही. शेजारचाही तेच म्हणत असतो. दार लावल्यावर मात्र नाव घ्यावं लागतं. बेसा रोडकडच्या प्लॉटवरून भावाशी अबोला धरलाय, आईच्या औषधांचा खर्च बहिणीवर ढकललाय. हे मंडळीसमोर बोलायचं नसतंच आणि बोलूही नये. ते बोलण्यासाठी दुसरी जागाच नाही.

पहिल्या शमुवेलच्या सुरुवातीला हन्ना मंदिरात येते. तिचे ओठ हलतात, आवाज नाही. याजक एलीला वाटतं ही प्यालेली आहे. देवळात, याजकाच्या डोळ्यांसमोर केलेली प्रार्थना, तरी पूर्ण खाजगी. एकांताला खोलीच लागते असं नाही, हे तिच्याकडून शिकावं. एकत्र कुटुंबात, दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्यांना ही मोठीच सोय आहे.

दुसरी गोष्ट, एकांतात शेवट गोड करावा लागत नाही. आपल्याकडे साक्ष द्यायला उभं राहिलं की शेवटी ‘पण प्रभूने मार्ग दाखवला’ असं यावंच लागतं. मार्ग अजून दिसलाच नसेल तर? अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारातच संपतं, आणि ते तसंच शास्त्रात ठेवलं गेलं. असं स्तोत्र रात्री एकट्याने वाचता येतं. कॉटेज प्रार्थनेत ते वाचलं तर तीन जण समजूत घालायला धावतील.

आता धोका. एकट्याने प्रार्थना करणाऱ्याला अडवणारं कोणी नसतं. मनातली इच्छा पुन्हा पुन्हा बोलून दाखवली की काही दिवसांनी तीच देवाची वाणी वाटायला लागते. ‘प्रभूने मला सांगितलं’ म्हणून नोकरी सोडणारे, लग्न ठरवणारे, मोडणारे आपण पाहिलेत. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला सांगतो, संदेश देणारे बोलोत, पण इतरांनी तो पारखावा. पारखायला इतर हवेत ना! शिवाय एकट्याची यादी हळूहळू आक्रसते. माझी तब्येत, माझ्या मुलाची नीटची परीक्षा, माझा फ्लॅट. तिसऱ्या शतकातला कार्थेजचा बिशप सिप्रियन याने प्रभूच्या प्रार्थनेवर लिहिताना हेच बजावलं होतं की ख्रिस्ती माणूस एकटा बसला तरी फक्त स्वतःसाठी मागत नाही, सगळ्या लोकांसाठी मागतो.

मंडळीत काय घडतं

मंडळीचा सर्वांत मोठा उपयोग तुम्हाला प्रार्थना जमत नसते तेव्हा होतो. मेडिकलच्या वॉर्डाबाहेर रात्र काढलेल्या माणसाला विचारा. तोंडून शब्द निघत नाही. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात चौघे जण पक्षघात झालेल्याला उचलून आणतात, छप्पर उघडून खाली सोडतात, आणि येशू ‘त्यांचा’ विश्वास पाहतो. खाटेवरच्याने काही मागितल्याची नोंदच नाही. याकोबही आपल्या पत्रात आजाऱ्याला सांगतो की मंडळीच्या वडिलांना, म्हणजे ज्येष्ठ पुढाऱ्यांना, बोलाव, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. आजाऱ्याने एकट्यानेच धीर धरावा, असं तो म्हणत नाही.

दोषही मोकळेपणाने सांगायला हवेत. लूकच्या अठराव्यातला, प्रार्थनेत स्वतःच्याच धार्मिकतेचा पाढा वाचणारा परूशी आपल्यातही आहे. काही वडीलधारे प्रार्थनेतच उपदेश उरकतात, पाळकाला न बोलता आलेले टोमणे डोळे मिटून मारतात, आणि तोवर स्वयंपाकघरात पोहे गार होतात. दुसरा दोष जास्त विषारी आहे. ‘प्रार्थनेचा विषय म्हणून सांगते हं’ अशी सुरुवात झाली की कुणाच्या तरी सुनेची, कुणाच्या दारूची, कुणाच्या कोर्टातल्या केसची कथा सगळ्या कॉलनीत जाते. आपल्या नावाने असं झालं की माणूस पुन्हा तोंड उघडत नाही. त्यात त्याचं काय चुकलं?

आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘आमेन’ टाकून पुढच्या मेसेजकडे जाणं, ही यांपैकी कोणतीच प्रार्थना नाही. फार तर हजेरी.

तयार शब्द की मनातले?

हा वाद नागपूरला नवा नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी याच शहरात सहा वेगवेगळ्या चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभी राहिली. त्यात छापील प्रार्थनाक्रम हातात धरणारे अँग्लिकन होते, तसेच मनातून येईल ते बोलणारे बॅप्टिस्ट आणि ब्रेदरनही. दोन्ही सवयी तेव्हापासून एका छपराखाली नांदतायत. शहरातले पेंटेकॉस्टल सगळे एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करतात, तर कॅथलिक घरात रोझरीचे मणी सरकत असतात. प्रत्येकाला दुसऱ्याची पद्धत थोडी कमी दर्जाची वाटते, हे आपसात कबूल करायला हरकत नाही.

माझं मत तयार शब्दांकडे झुकतं, विशेषतः एकट्याने सुरुवात करणाऱ्यासाठी. क्रुसावर, सगळे सोडून गेल्यावर, येशूच्या तोंडून ‘माझ्या देवा, तू मला का सोडलंस’ हे निघतं. ते बाविसाव्या स्तोत्राचं पहिलं वाक्य आहे. शास्त्रातल्या सर्वांत एकाकी प्रार्थनेचे शब्द असे सगळ्या इस्राएलाच्या तोंडचे आहेत. मंडळीत पाठ झालेलं तिथे उपयोगी पडलं. जो रविवारी स्तोत्र गातच नाही त्याच्या तोंडात अशा वेळी काय येणार?

प्रोटेस्टंट सुधारणेचा प्रणेता मार्टिन ल्यूथर याने १५३५ साली आपल्या न्हाव्यासाठी प्रार्थनेवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात तो सांगतो, मन थंड पडलं की मी स्तोत्रांचं पुस्तक घेऊन खोलीत जातो, आणि उपासनेचा दिवस आणि वेळ असेल तर मंडळी जमलेली असते तिथे जातो. मग दहा आज्ञा, विश्वासांगीकार (श्रद्धेची ठरलेली कबुली) असं पाठ असलेलं म्हणत बसतो. खोली आणि चर्च ही दोन्ही त्याने एकाच दुखण्यावर सांगितली. कॅथलिकांचंही वेगळं नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेला मंडळीच्या जीवनाचं शिखर आणि उगम म्हटलं, आणि त्याच दस्तऐवजात लगेच पुढे हेही नोंदवलं की आध्यात्मिक जीवन तेवढ्यावर संपत नाही, ख्रिस्ती माणसाने खोलीत जाऊन गुप्तपणेही प्रार्थना करावी.

मराठी कवी नारायण वामन टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपीय प्रवाशाने नवा करार दिला. तो त्यांनी स्वतःच वाचला आणि डोंगरावरच्या प्रवचनात अडकून पडले. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे आरंभ एकांतातला. आज त्यांची भजनं टाळांच्या तालावर सगळी मंडळी गाते.

देवाला माहीतच आहे, मग मागायचं कशाला?

ही शंका खरं तर दोन्ही प्रार्थनांना लागू आहे, पण एकट्याला ती जास्त छळते. मागण्याआधीच पित्याला तुमची गरज माहीत आहे, हे वाक्य येशूचंच, आणि ते उच्चारून तो लगेच प्रार्थना शिकवतो. तेव्हा देवाला माहिती पुरवणं हा हेतू नाही, एवढं नक्की. संत ऑगस्टीनने प्रोबा नावाच्या विधवेला पाठवलेल्या पत्रात उत्तर दिलंय: मागता मागता आपली ओढ वाढते आणि जे मिळणार आहे ते घेण्याइतके आपण मोठे होतो. मला हे पटतं. ज्यांना पटत नाही, त्यांनी निदान एवढं पाहावं की ज्या माणसासाठी आपण रोज नाव घेऊन प्रार्थना करतो, त्याच्याशी भांडण ताणून धरणं अवघड जातं.

मग ठरवायचं कसं?

तुम्ही रविवार चुकवत नाही, संघात असता, गाणं म्हणता, पण एकट्याने कधीच बसत नाही. तर आणखी एका मीटिंगला जाऊ नका. आपल्या शहरात अशांचीच संख्या मोठी आहे असं माझं निरीक्षण आहे. सकाळी एक स्तोत्र, प्रभूची प्रार्थना, एका माणसाचं नाव. इतकंच. दिवसातून तीन वेळा प्रभूची प्रार्थना म्हणावी, अशी सूचना दिदाखे या अगदी सुरुवातीच्या मंडळीच्या लेखनातही आहे. मे महिन्यात पहाटेच उठा. नंतर उन्हाने आणि कूलरच्या घरघरीने डोकं ठिकाणावर राहत नाही.

तुम्ही फक्त एकट्याने, यूट्यूबवरचं प्रवचन लावून प्रार्थना करता. तर परत मंडळीत जा. गटबाजी असेल, असूद्या. तुम्हाला पारखणारं आणि तुमच्या वतीने उचलून नेणारं कोणीतरी लागणार आहे. मोठं चर्च नकोसं झालं असेल तर सात-आठ जणांची कॉटेज प्रार्थना धरा, पण घरातली गोष्ट घरात ठेवणारी माणसं आहेत का, हे आधी पाहा.

घरात लहान मूल असेल तर दोन्हींचा आग्रह काही वर्षं सोडा आणि कौटुंबिक प्रार्थना धरा. मिशनरी रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप ज्या स्कॉटिश परंपरेतून नागपुरात आले, तिने १६४७ सालीच घरच्या उपासनेचे नियम घालून दिले होते. रात्री जेवणानंतर एक गीत, शास्त्रातल्या चार ओव्या, मुलाने स्वतःच्या शब्दांत केलेली प्रार्थना. मूल मधेच कुत्र्यासाठी प्रार्थना करेल, करू द्या.

बुटीबोरीत किंवा मिहानमध्ये शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. जुन्या करारातला नहेम्या पारसाच्या राजाला द्राक्षारस देत उभा असताना राजाने प्रश्न विचारला, आणि उत्तर देण्याआधी तेवढ्यात त्याने देवाची प्रार्थना केली. कंपनीच्या बसमध्ये, मेट्रोत, मशीन सुरू करताना असं होऊ शकतं, पण रोजचं सगळं तेवढ्यावरच भागवू नका, आठवड्यात एकदा तरी नीट बसा. रविवारी ड्यूटी असेल तर कॅथलिकांना शनिवार संध्याकाळची मिस्सा रविवारचीच धरली जाते. इतरांनी आपल्या पाळकांना आठवड्यातली एखादी प्रार्थनासभा संध्याकाळी उशिरा ठेवायला सांगावं. अडचण सांगितल्याशिवाय त्यांना ती कळणार कशी?