माहीम दर्ग्याजवळचं हॉटेल: पैसे भरा, रांगेतली माणसं जेवतील

माहीमला मखदूम अली माहिमींच्या दर्ग्याच्या आसपास काही जुनी हॉटेलं आहेत, त्यांच्या दाराशी माणसं ओळीने उकिडवी बसलेली असतात. बसमधून जाताना अनेकांनी पाहिली असतील. ती हात पसरत नाहीत, नुसती वाट बघतात. कुणी गल्ल्यावर जाऊन पाच-दहा जणांचे पैसे भरले, की ओळीतल्या पुढच्या तेवढ्यांना जेवण मिळतं. हा अभिप्राय त्यांपैकी एका हॉटेलाबद्दल.

आईच्या वर्षश्राद्धाला एकवीस पानं वाढायची होती. हॉल, आचारी, पंगत हे सगळं टाळून धाकट्या दिरांनी मला इथे आणलं, तेव्हापासून मी येतेच. गल्ल्यावरच्या चाचांनी विचारलं, "कितने आदमी, मावशी?" मी आकडा सांगितला, पैसे मोजून दिले. एक पोरगा बाहेर गेला आणि प्रत्येकाच्या खांद्याला हात लावत मोजत सुटला. एकविसाव्या खांद्यावर हात थांबला. त्याच्या पलीकडे एक म्हातारबाबा बसले होते, उठायला म्हणून टेकवलेला हात त्यांनी मुकाट्याने परत घेतला. मी परत गल्ल्यावर जाऊन आणखी चार जणांचे पैसे भरले.

दोन तंदुरी रोट्या, डाळ आणि भात. मला सगळ्यात आवडलं ते हे, की पंख्याखाली बसलेल्या गिऱ्हाइकाच्या आणि बाहेरच्या माणसाच्या ताटात डाळ एकाच हंड्यातून पडते. मी मुद्दाम हंड्यापाशी उभी राहून बघितलं. रोटी तंदूरमधून निघालेली, गरम. कुणी डाळ पुन्हा मागितली तर कपाळाला आठी न घालता वाढतात. नाव, गाव, धर्म, आधार कार्ड, काही विचारत नाहीत. पत्त्याच्या पुराव्यावाचून रेशनकार्ड मिळवताना या माणसांचं काय होतं ते ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचं मोल कळेल. 2011 च्या जनगणनेत 28 फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची वेगळी मोजणी झाली, तेव्हा मुंबईतच पन्नास हजारांवर माणसं उघड्यावर राहणारी निघाली. शहरात लाख वस्तीमागे एक चोवीस तासांचा निवारा हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. पण निवारा मिळाला तरी दुपारचं पोट उरतंच. नाक्यावर काम नाही मिळालं की तिथला मजूरही याच ओळीत येऊन बसतो.

दोन गोष्टी खटकल्या. भर मे महिन्यात पाण्याचं एकच पिंप आणि त्याला एकच मग, हे बरं नाही. चाचांना तसं सांगितलंय. आणि ओळीत बायका जवळजवळ नसतातच. पोरं कडेवर घेऊन त्या फुटपाथवर पुढे बसलेल्या असतात, पण पुरुषांच्या ओळीत यायला धजत नाहीत. विचारल्यावर हॉटेलवाले पार्सल बांधून देतात, तेव्हा निम्मे पैसे पार्सलचे भरा आणि स्वतः नेऊन द्या.

गुरुवारी-शुक्रवारी दर्ग्यावर गर्दी असते, रमजानमध्ये तर देणारे पुष्कळ. म्हणून सोमवारी किंवा मंगळवारी दुपारी जा, तेव्हा ओळ लांब असते आणि गल्ला रिकामा. दर बदलत राहतो, आधी विचारून घ्या. रोख न्या.