एपीआय फुकट द्यावा की पैसे घेऊन?

एपीआय म्हणजे बाहेरच्या ॲपला एखाद्या साइटचा डेटा मिळायची वाट. 2023 मधे रेडिटने (लोक पोस्टी टाकून चर्चा करतात ती साइट) बाहेरच्या डेव्हलपर लोकांकडून या डेटाचे पैसे घ्यायचं ठरवलं, 1000 रिक्वेस्टला (ॲपने एकदा डेटा मागितला की एक रिक्वेस्ट) 24 सेंट, ऐकायला किरकोळ वाटतं पण रेडिट वाचायचं अपोलो ॲप बनवणाऱ्या क्रिश्चन सेलिगने हिशोब मांडला तर वर्षाचे जवळपास 2 कोटी डॉलर निघाले आणि 30 जूनला ॲप बंद.

फुकट असलं की एकटा माणूस पण भारी ॲप बनवतो, मॉडरेटर लोकांना (चर्चेवर लक्ष ठेवणाऱ्यांना) स्पॅम आपोआप काढायचे बॉट मिळतात आणि अंध युजर्सना स्क्रीन रीडरवर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) नीट चालणारं ॲप मिळतं, जे कंपनीने स्वतः धड बनवलेलं नसतं. (अशा ॲक्सेसिबिलिटीच्या बिनव्यापारी ॲप्सना रेडिटने सूट दिली, पण ओरड झाल्यावर.) तोटा पण आहेच, सर्व्हरचं बिल कंपनी भरते, बाहेरच्या ॲपमधे तिच्या जाहिराती दिसत नाहीत आणि एआयवाले सगळ्या पोस्टी उपसून नेतात. रेडिटचं हे म्हणणं मला पटतं.

पैसे लावले की मोठे देतात, गूगलने 2024 मधे रेडिटशी डेटासाठी पैसे द्यायचा करार केलाच. मरतो तो छोटा डेव्हलपर.

मी पैसे घेण्याच्या बाजूने आहे पण एआय कंपन्यांना एक रेट आणि ॲपवाल्यांना खूप कमी असा वेगळा रेट पाहिजे, आणि मुदत तर पाहिजेच पाहिजे, अपोलोला रेट कळल्यावर जेमतेम महिना मिळाला, वर्षाचं सबस्क्रिप्शन आधीच विकलेल्या माणसाने तेवढ्यात करायचं काय?