घरगुती स्पायरोमीटर: यंत्र चांगलं, हिरवा दिवा फसवा

हातात मावणारे, मोबाइलला जोडता येणारे स्पायरोमीटर, म्हणजे फुंकेतली हवा मोजणारी यंत्रं, आता सहज मिळतात. फुंकेने आतलं छोटं पातं फिरतं त्या टर्बाइनच्या प्रकाराबद्दल हा अभिप्राय आहे. मत आधीच सांगतो. दम्याच्या किंवा सीओपीडीच्या (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार) रुग्णाला स्वतःच्या आकड्यांवर लक्ष ठेवायला हे यंत्र उत्तम आहे, पण निदानासाठी ते वापरू नये. आणि ॲपमध्ये फुंकेचा आलेख दिसत नसेल तर घेऊच नका.

यंत्र मुळात दोन गोष्टी सांगतं. छाती गच्च भरून जोराने श्वास सोडल्यावर एकूण किती हवा बाहेर पडली, ती एफव्हीसी. त्यातली पहिल्या सेकंदात किती पडली, ती एफईव्ही-१. एफईव्ही-१ ला एफव्हीसीने भागलं की जे गुणोत्तर येतं ते कमी असेल तर श्वासनलिका अरुंद झाल्या आहेत असा अर्थ. सीओपीडीसाठी श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध घेतल्यानंतरचं गुणोत्तर ०.७० पेक्षा कमी असावं लागतं.

ॲपवाले यावर हिरवा-पिवळा-लाल रंग चढवतात आणि तिथेच गडबड होते. समजा, एकाची खरी एफव्हीसी ३.१० लिटर आणि एफईव्ही-१ २.०५ लिटर आहे. गुणोत्तर ०.६६, म्हणजे अडथळा स्पष्ट. त्याच माणसाने तिसऱ्या सेकंदाला दमून फुंक मध्येच थांबवली आणि एफव्हीसी २.७० वरच थांबली, तर गुणोत्तर होतं ०.७६ आणि दिवा हिरवा. फुप्फुसं तीच, आजारही तोच. फक्त शेवटची ४०० मिलिलिटर हवा आतच राहिली. उलट, सुरुवात कचरत केली तर एफईव्ही-१ खाली येतो आणि धडधाकट माणूस आजारी ठरतो.

म्हणून आकड्याआधी आलेख बघायचा. प्रवाहाचा आलेख सरळ वर उसळून टोकदार शिखर गाठतो आणि मग उतरतो. उतरण मधोमध आत खचलेली दिसली तर अडथळ्याची शंका घ्यावी. शिखर गोलसर, बसकं असेल तर बहुतेक वेळा जोर कमी पडलेला असतो. पहिल्या सेकंदातच खाच दिसली तर खोकला आला. ती फुंक बाद. बाहेर पडलेल्या हवेच्या आकारमानाचा आलेख शेवटी सपाट व्हायला हवा: शेवटच्या एका सेकंदात २५ मिलिलिटरपेक्षा जास्त वाढ नको. काही स्वस्त यंत्रं सहा सेकंदांवरच मोजणी थांबवतात आणि त्या आकड्याला एफव्हीसी म्हणून मोकळी होतात. तो खरं तर एफईव्ही-६ असतो आणि त्याला ०.७० नव्हे, साधारण ०.७३ ची रेषा लावतात. खरेदीपूर्वी माहितीपत्रकात एवढं तपासाच.

फुंकण्याची रीत अशी: पाठ टेकता येईल अशा खुर्चीत ताठ बसा, पाय जमिनीवर, कंबरेचा पट्टा सैल. घट्ट बसणारी कवळी असेल तर ती काढू नका, ओठांना आधार मिळतो. नाकाला चिमटा लावा. छाती पूर्ण भरा, नळी दातांच्या आत घेऊन ओठ मिटा, जीभ खाली ठेवा आणि अजिबात न रेंगाळता हवा उडवा. मग काही उरलं नाही असं वाटल्यावरही रेटत राहा. अशा निदान तीन चांगल्या फुंका हव्यात, आणि त्यातल्या वरच्या दोन एफव्हीसींमध्ये व वरच्या दोन एफईव्ही-१ मध्ये १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नको. आठ प्रयत्नांत जमलं नाही तर त्या दिवशी सोडून द्या. नुकताच हृदयविकाराचा झटका, डोळ्याची, मेंदूची, छातीची किंवा पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यंत्र तोंडाला लावू नका.

ॲप दाखवतं ती टक्केवारी वय, लिंग आणि उंचीवरून काढलेल्या अपेक्षित आकड्याच्या तुलनेत असते. उंची अंदाजाने टाकली की सगळी टक्केवारी वाकडी. अनवाणी मोजा, पाठीला बाक असेल तर हात पसरून दोन्ही मधल्या बोटांच्या टोकांमधलं अंतर घेतात. शिवाय ‘८० टक्क्यांखाली म्हणजे बिघाड’ हा सरसकट नियम उतारवयात फसतो. ॲप झेड-स्कोअर (आपला आकडा अपेक्षित आकड्यापासून किती दूर आहे त्याचं माप) देत असेल तर तो बघा: उणे १.६४५ च्या खाली गेला तरच आकडा नेहमीच्या मर्यादेबाहेर धरतात.

एफव्हीसी कमी आणि गुणोत्तर मात्र ठीक, असं आलं तर फुप्फुसं आकसल्याची शंका येते, पण शंकाच. श्वास सोडल्यावर आत उरलेली हवा हे यंत्र मोजूच शकत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत फुप्फुसांची एकूण धारणक्षमता मोजावी लागते. वायू रक्तात किती सहज जातो ते सांगणारी डीएलसीओ चाचणीही तिथलीच. तिथे ३ लिटरच्या सिरिंजने यंत्र रोज तपासतात. घरी ती सोय नाही. त्यामुळे घरच्या आकड्याची तुलना घरच्याच यंत्राच्या जुन्या आकड्याशी करा, तीही ठरावीक वेळेला आणि इनहेलरच्या आधी की नंतर हे लिहून.

देखभालीत एकच गोष्ट नाजूक, ती म्हणजे पातं. केस किंवा धागा अडकला की ते जड फिरतं आणि सगळे आकडे हळूहळू घसरतात. माणूस उगाच घाबरतो. टर्बाइन नळाच्या धारेखाली धरू नका. माहितीपत्रकात दिलेल्या द्रावणात बुडवा, स्वच्छ पाण्यात विसळा आणि पूर्ण वाळू द्या. आकडे अचानक पडले आणि दम मात्र नेहमीसारखाच असेल, तर आधी टर्बाइन उजेडात धरून बघा. दमही लागत असेल तर यंत्राच्या नादी न लागता डॉक्टरांना गाठा.