२००६ ची कोरोला आणि घरी बदललेला सर्पेंटाइन बेल्ट: एक हिवाळा, अर्धा उन्हाळा वापरल्यावर

निकाल आधीच सांगून टाकतो, कारण बरेच जण तेवढंच वाचतात. बेल्ट झकास चाललाय, किंचाळणं बंद झालंय, आणि फक्त बेल्टच बदलायचा असेल तर गॅरेजला पैसे द्यायचं मला काही कारण दिसत नाही. टेन्शनरचं, म्हणजे बेल्ट ताणून धरणाऱ्या भागाचं, प्रकरण वेगळं आहे, त्यावर पुढे येतो.

गाडी टोयोटा कोरोला, १.८ लिटरचं १झेडझेड-एफई इंजिन, दीड लाख मैल कधीच ओलांडलेले. राहायला मिशिगनमध्ये. थंडीत सकाळी गाडी चालू केली की पहिली दोन-चार मिनिटं ती अशी काही किंचाळायची, की मी ऑफिसला निघालोय हे अख्ख्या गल्लीला कळायचं. पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुन्हा तेच. गॅरेजने १८० डॉलर सांगितले. बेल्टची किंमत त्यात तीसेक डॉलर, बाकी मजुरी.

या इंजिनात एकच लांबलचक बेल्ट आहे, तोच सर्पेंटाइन. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, पॉवर स्टिअरिंगचा पंप, एसीचा कॉम्प्रेसर आणि वॉटर पंप, सगळं त्याच्यावर फिरतं. टायमिंगला, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडण्या-मिटण्याला, वेगळी चेन आहे, त्यामुळे हा बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह वाकत नाहीत. पण वॉटर पंप थांबतो, म्हणजे इंजिन तापणार. बॅटरीचा लाल दिवा लागला आणि स्टिअरिंग अचानक जड झालं, तर 'घर आलंच आहे जवळ' असं म्हणत पुढे रेटू नका, तिथेच बाजूला घ्या.

बेल्ट मागवण्यापूर्वी पाण्याची चाचणी जरूर करा, फुकट आहे. इंजिन चालू असताना फवाऱ्याच्या बाटलीने बेल्टच्या खाचांच्या बाजूला थोडं पाणी मारायचं, हात आणि बाह्या लांब ठेवून. आवाज वाढला तर बेल्ट घसरतोय: एक तर तो झिजलाय, नाहीतर ताण कमी पडतोय. आवाज क्षणभर गेला आणि परत आला, तर एखादी पुली (बेल्ट ज्यावरून फिरतो ते चाक) रेषेत नाही, आणि तिथे नवा बेल्ट घालून काही उपयोग नाही. माझा वाढला. बेल्टवर मारायचे ते चिकट स्प्रे मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. आठवडाभर शांतता, मग धूळ धरून आणखी वाईट आवाज.

जुना बेल्ट बघून तो गेलाय असं वाटलंच नसतं. पूर्वीचे निओप्रीनचे बेल्ट तडकायचे, तडे मोजून निर्णय घेता यायचा. आताचे ईपीडीएम रबराचे बेल्ट सहसा तडकत नाहीत, टायरसारखे झिजतात. खाचा खोल आणि रुंद होत जातात, पुलीवरची पकड जाते, वरून मात्र सगळं ठीक दिसतं. खाचेत बसवून झीज बघायचं प्लास्टिकचं छोटं मापक मिळतं, ते घ्या.

नवा बेल्ट गेट्स कंपनीचा मायक्रो-व्ही घेतला. नंबर जुन्याशी ताडून बघा. ६पीके२००० असं लिहिलं असेल तर ६ धारा (खाचांमधल्या उंच पट्ट्या) आणि २००० मिलिमीटर लांबी. दहा मिलिमीटर इकडेतिकडे चालेल असं दुकानदार म्हणाला तरी ऐकू नका.

आता प्रत्यक्ष काम. वरून करता येतं असं सांगणारे आहेत, पण इंजिन आणि बॉडीच्या मधली जागा इतकी अरुंद की माझा तरी हात जाईना. सरळ उजवं पुढचं चाक काढलं आणि आतलं प्लास्टिकचं आवरण उतरवलं. इथल्या रस्त्यांवरच्या मिठाने आवरणाच्या क्लिपा कुजल्या होत्या. त्या तुटणारच, चार-सहा जास्तीच्या आणून ठेवा. गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नका. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. जुना बेल्ट उतरवण्याआधी फोटो काढा आणि कागदावर आकृतीही काढा, कारण फोटोत मागच्या पुल्या दिसत नाहीत.

टेन्शनरला १९ मिलिमीटरचा पाना लागतो. साधा पाना आखूड पडतो. ऑटोझोन या गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानातून अनामत भरून बेल्टसाठीची लांब, चपटी दांडी आणली, परत केल्यावर सगळे पैसे परत. या गाडीचा टेन्शनर हायड्रॉलिक, म्हणजे आत तेल असलेला आहे, हिसका देऊन हलत नाही. सावकाश, एकसारखा जोर लावून धरायचा, मग तो सुस्कारा टाकल्यासारखा मागे सरकतो. या वेळी दुसरा माणूस हवाच. बायकोने दांडी धरली, मी बेल्ट चढवला. खाचांच्या पुलीवर खाचांची बाजू, गुळगुळीत पुलीवर पाठ. शेवटी प्रत्येक पुलीच्या कडेवरून बोट फिरवून बघा. एक धार जरी बाहेर बसली तरी बेल्ट कडेने सोलत जातो. चाकाचे नट ७६ फूट-पाउंडला आवळा.

बेल्ट उतरलेला असताना प्रत्येक पुली हाताने फिरवून बघणं, हा मला घरी काम करण्याचा सर्वात मोठा फायदा वाटतो. अल्टरनेटर गुळगुळीत फिरला, वॉटर पंपाला खेळ नव्हता, गळतीचे डागही नव्हते. टेन्शनरच्या पिस्टनभोवती मात्र तेलकट ओल दिसली.

त्यानंतरचे महिने. उणे वीस सेल्सियसच्या सकाळीही आवाज नाही. जुलैत एसी पूर्ण जोरात लावून हायवेला तासन्‌तास चालवली, बेल्ट घसरला नाही. मापक लावलं तर झीज जवळपास शून्य, कडा सरळ. सुरुवातीचे काही दिवस नव्या रबराचा वास येतो, घाबरू नका.

तक्रार एकच. न्यूट्रलला उभी असताना बारीक टकटक ऐकू येते, आणि ती टेन्शनरची आहे. तो बदलायचा तर त्याचा लांब बोल्ट बॉडीला अडतो. इंजिनला आधार देऊन माउंट (इंजिन बॉडीला धरून ठेवणारा भाग) सोडवावं लागतं, इंजिन थोडं वर-खाली करावं लागतं. घराच्या ड्राइव्हवेत, एका जॅकवर, हे मी करणार नाही. ओल वाढली नाहीये, बेल्ट ताठ आहे, म्हणून थंडी सुरू होईपर्यंत थांबलोय. ते काम गॅरेजला देईन, आणि त्या मजुरीबद्दल कुरकुर करणार नाही.