दिवाळीत सिंगापूरची क्रूझ: थेट विमान की क्वालालंपूरमार्गे?

क्रूझचं बुकिंग झालं की घरात एकदम उत्साह संचारतो. दोन दिवसांनी कोणीतरी दिवाळीच्या आठवड्यातलं मुंबई–सिंगापूर विमानाचं भाडं बघतं आणि तो उत्साह तिथेच बसतो. मग आमच्या ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या पट्ट्यात हमखास दोन सल्ले मिळतात. एक, दात-ओठ खाऊन थेट सिंगापूरचं तिकीट काढा. दोन, क्वालालंपूरचं स्वस्त तिकीट काढा आणि तिथून बसनं सिंगापूरला जा. मलेशियाला व्हिसाही लागत नाही. मी दोन्ही प्रकारे जाऊन आलोय, दोन्ही वेळा सोबत सासूबाई, बायको आणि मुलं होती. एकटा असतो तर कदाचित वेगळं लिहिलं असतं, एवढं आधीच सांगून ठेवतो.

पैशांचं आधी. आम्ही बघितलं तेव्हा दोन्ही मार्गांत माणशी साधारण आठ-नऊ हजारांचा फरक दिसत होता. पाच माणसांचे चाळीसेक हजार होतात, आणि चाळीस हजार म्हणजे जहाजावर खिडकीची खोली सोडून बाल्कनीची खोली. मोह होणारच. पण क्वालालंपूरच्या त्या स्वस्त तिकिटात बहुतेक वेळा फक्त सात किलोची हातातली बॅग असते. चेक-इनच्या बॅगेचे पैसे वेगळे, आणि क्रूझला माणूस सात किलोत जात नाही. एका संध्याकाळी नटून-थटून जेवायला जायचं असतं, त्याचेच कपडे तीन किलो होतात. पुढे विमानतळ सेपांगला, शहरापासून सुमारे पन्नास किलोमीटर. तिथून बसच्या टर्मिनलपर्यंत रेल्वे किंवा टॅक्सी, मग सिंगापूरची बस, आणि एक रात्र क्वालालंपूरच्या हॉटेलात. हॉटेल तिथे सिंगापूरपेक्षा बरंच स्वस्त पडतं, हे मान्य करायला हवं. तरी सगळी बेरीज-वजाबाकी झाल्यावर आमच्या हातात त्या चाळीसपैकी जेमतेम निम्मे राहिले. निम्मे म्हणजेही वीस हजार. थोडेथोडके नाहीत. म्हणून केवळ हिशेबावर मी कोणाला क्वालालंपूर नको असं म्हणणार नाही.

माझा कौल फिरवला तो सिंगापूरच्या सीमेवरच्या एका तासानं.

क्वालालंपूर ते सिंगापूर साधारण साडेतीनशे किलोमीटर. रस्ता उत्तम, बस आपल्या पुण्याच्या व्होल्वोपेक्षा ऐसपैस, पाच-सहा तासांत पोहोचू असं सांगितलेलं. सीमेवरच्या मलेशियाच्या जोहोर बाहरू शहरापर्यंत तसंच झालं. मलेशियाच्या बाजूला बॅगा बसच्या डिकीतच ठेवून उतरायचं, पासपोर्ट दाखवायचा, परत बसमध्ये बसायचं. मग तो किलोमीटरभराचा कॉजवे, म्हणजे समुद्रातून बांधलेला रस्ता, आणि पलीकडे सिंगापूरचा वूडलँड्स चेकपॉइंट. इथे मात्र डिकीतली एकूण एक बॅग बाहेर काढायची, ती ओढत सरकत्या जिन्यानं वर जायचं, इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहायचं, मग बॅगा एक्स-रेच्या पट्ट्यावर चढवायच्या, उतरवायच्या आणि खाली येऊन आपली बस शोधायची. बस ठरावीक वेळच थांबते. ड्रायव्हर हे उतरतानाच बजावून सांगतो, म्हणून जाणकार लोक उतरल्या उतरल्या बसच्या नंबरप्लेटचा फोटो काढतात.

आमच्याकडे पाच माणसांत चार मोठ्या बॅगा, शिवाय सासूबाईंची चकली-शंकरपाळ्यांची पिशवी. आम्ही रांगेत पोहोचलो, मुलांचं झालं, बायकोचं झालं, आणि सासूबाईंचा अंगठा यंत्रावर उमटेना. आयुष्यभर भांडी घासलेले, चुलीपुढे बसलेले हात. अंगठ्यावरच्या रेषा जवळपास पुसलेल्या. अधिकारी बाई फार सौजन्यानं वागल्या. त्यांनी ओला कागद दिला, अंगठा पुसायला लावला, दाबून धरायला सांगितला, मग दुसरा अंगठा, मग पुन्हा पहिला. सासूबाई दर वेळी माझ्याकडे बघून म्हणायच्या, "अहो, बस जाईल हो." मी म्हणत होतो, "नाही जाणार, आई," आणि मान वळवून जिन्याकडे बघत होतो. शेवटी आम्हाला बाजूच्या काउंटरवर नेलं आणि तिथे काम झालं. खाली आलो तेव्हा बस उभी होती, इंजिन चालू, बाकी सगळी मंडळी आपापल्या जागी. ड्रायव्हर काही बोलला नाही. त्यानं फक्त मनगटावरचं घड्याळ आमच्यापुढे धरलं.

नंतर थेट विमानानं गेलो तेव्हा चांगी विमानतळावरही सासूबाईंचा अंगठा तितकाच रुसला. वेळही जवळपास तितकाच लागला. पण तिथे बाहेर कोणी इंजिन चालू ठेवून उभं नव्हतं. बॅगा पट्ट्यावर आपल्या आपण गोल फिरत होत्या. एवढाच फरक, आणि माझ्यासाठी तो वीस हजारांचा होता.

त्यात दिवाळीची एक गोम आहे, ती इथून लक्षात येत नाही. आपल्याला वाटतं, दिवाळीची सुट्टी आपली. तिकडे नेहमीसारखं असेल. दीपावली ही सिंगापुरातही सार्वजनिक सुट्टी आहे आणि सारावाक हे एक राज्य सोडलं तर मलेशियातही. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी आहे. त्यामुळे सिंगापुरात सोमवारी बदली सुट्टी. तीन दिवसांची सलग सुट्टी म्हटल्यावर निम्मं सिंगापूर गाड्या काढून जोहोरला खरेदीला जातं आणि परत येतं. वूडलँड्स आणि तुआस या दोन्ही नाक्यांवर अशा वेळी तासन्‌तास रांगा लागतात. डिसेंबरात जाणाऱ्यांनाही सुटका नाही, कारण सिंगापूरच्या शाळांची मोठी सुट्टी नेमकी वर्षअखेरीला असते. आणि जहाज कोणासाठी थांबत नाही. सुटायच्या तासाभराहून आधीच चेक-इन बंद होतं.

यावर आमच्या मेव्हण्याचा तोडगा असा: "भावोजी, बस कशाला? क्वालालंपूरहून सिंगापूरला तासाभराचं विमान आहे की." आहे. जगातल्या सर्वांत गजबजलेल्या आंतरराष्ट्रीय हवाईमार्गांपैकी तो एक, दिवसभर विमानं चालूच असतात. पण दोन वेगळी तिकिटं म्हटलं की क्वालालंपूरला मलेशियात प्रवेश करा, बॅगा घ्या, कदाचित एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर रेल्वेनं जा, परत चेक-इन करा. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीला त्याचं सोयरसुतक नाही. बसचं दुखणं विमानतळावर हलवलं, इतकंच. "क्वालालंपूर तेवढंच बघून होतं" हा दुसरा मुद्दा. पण सिंगापूरच्या बऱ्याच क्रूझ पोर्ट क्लांगला थांबतात, आणि ते क्वालालंपूरचंच बंदर. पेट्रोनासचे जुळे मनोरे बघायला तिथून जाता येतं, बॅगा खोलीत ठेवून.

आता थेट विमानाचे तोटे. रात्री उशिरा सुटणारं विमान घेतलं तर साडेपाच तासांच्या उड्डाणात झोप धड होत नाही, आणि घड्याळ अडीच तास पुढे गेल्यामुळे सकाळी डोळे चोळत उतरावं लागतं. हॉटेलची खोली दुपारी दोन-तीनशिवाय मिळत नाही. सिंगापूरचं हॉटेल महाग आणि खोल्या लहान. मोठी बॅग उघडली की बाथरूमचं दार अडतं. तरीही जहाजाच्या आदल्या दिवशी सकाळी उतरावं, याच मताचा मी आहे. त्याच दिवशी सकाळी उतरून दुपारी जहाज गाठणारे लोक माझ्या ओळखीत आहेत आणि ते सुखरूप गेलेही. पण विमानाला चार-पाच तास उशीर होणं ही आपल्याकडे काही अपूर्वाईची गोष्ट नाही. आदल्या दिवशी लिटल इंडियात बॅगा टाकल्या, सेरंगून रोडवरची दिवाळीची रोषणाई बघितली, कोमला विलासमध्ये डोसा खाल्ला. सासूबाईंना परदेशात आल्यासारखं वाटलंच नाही, त्याबद्दल त्यांची तक्रारही होती. दुसऱ्या दिवशी मरिना बे क्रूझ सेंटरला टॅक्सीनं थोड्या वेळात पोहोचलो. मेट्रोही जाते, मरिना साउथ पियर हे स्टेशन जवळ आहे. पण चार बॅगा घेऊन गाड्या बदलायला मी सांगणार नाही. क्रूझच्या तिकिटावर टर्मिनलचं नाव नीट वाचा, कारण हार्बरफ्रंटला दुसरं क्रूझ टर्मिनलही आहे.

मग थेट तिकीट परवडायचं कसं? मला उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे क्रम उलटा करणं. आपण आधी क्रूझची तारीख धरतो आणि मग तिला विमान शोधतो. सिंगापूरहून आठवड्यात एकाहून अधिक वेळा जहाजं सुटतात. त्यामुळे आधी गूगल फ्लाइट्सचं महिन्याचं कॅलेंडर उघडून जायच्या-यायच्या तारखांच्या जोड्या बघाव्यात आणि स्वस्त जोडीत बसेल ती क्रूझ घ्यावी. रविवारऐवजी बुधवारचं जहाज घेतल्यानं आमचा विमानात जेवढा फायदा झाला, तेवढा फरक क्रूझच्या भाड्यात नव्हताच. स्टेट बोर्डाच्या शाळांना सुट्टी लांब असते, त्यांनी भाऊबीज उरकून निघावं. धनत्रयोदशीच्या आसपास निघणारी गर्दी तोवर ओसरू लागते. आयसीएसईवाल्यांना ती चैन नाही, त्यांनी निदान शनिवार-रविवार टाळावा.

आणखी एक. पाच तिकिटं एकदम शोधू नका. विमानात प्रत्येक भाड्याच्या ठरावीक जागा असतात. स्वस्त भाड्याच्या तीनच जागा उरल्या असतील आणि तुम्ही पाच मागितल्या, तर यंत्रणा सहसा पाचही जागा वरच्या भाड्यानं दाखवते. आधी एका माणसाचं भाडं बघा, मग तिघांचं, मग पाच जणांचं. फरक दिसला तर दोन पीएनआर, म्हणजे दोन वेगळी बुकिंग, करून घ्या. यात एक धोका आहे: उड्डाणाची वेळ बदलली किंवा ते रद्द झालं, तर दोन पीएनआरची माणसं दोन वेगळ्या विमानांत टाकली जाऊ शकतात. म्हणून लहान मुलं आणि सासूबाई मी एकाच पीएनआरवर ठेवतो, उरलेले आम्ही दुसऱ्यावर.

चेन्नई किंवा बंगळुरूमार्गे जाणं हा मधला रस्ता. थेट तिकीट अगदीच हाताबाहेर असेल तर क्वालालंपूरपेक्षा मी हाच घेईन, पण सगळा प्रवास एकाच पीएनआरवर असेल तरच. स्वतंत्र तिकिटं काढलीत तर देशांतर्गत टप्प्यावर सहसा पंधरा किलोचीच चेक-इन बॅग चालते आणि वरच्या प्रत्येक किलोला पैसे पडतात.

वाशी-नेरूळ-खारघरच्या मंडळींना नवी मुंबईच्या विमानतळाचं आकर्षण आहे, आणि रास्त आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून तो देशांतर्गत उड्डाणांनी सुरू झाला. तिकीट काढताना फक्त विमानतळाचा कोड बघा: एनएमआय म्हणजे नवी मुंबई, बीओएम म्हणजे आपलं जुनं सांताक्रूझ-सहार. जाताना एक आणि येताना दुसरा असं तिकीट सहज निघतं, आणि गाडी लावून जाणाऱ्याची पंचाईत होते. आम्हा ठाणेकरांना अजून तरी सहारच बरं पडतं; रात्री अकराला निघालं तर ईस्टर्न एक्सप्रेस आणि जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड मोकळा मिळतो.

व्हिसाबद्दल एकच सांगतो. जहाज पेनांग किंवा फुकेतला जाऊन परत सिंगापूरला येतं, म्हणजे तुमचा सिंगापुरात दुसऱ्यांदा प्रवेश होतो. व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना, हे हातात आल्या आल्या तपासा. मलेशियाची व्हिसामाफी ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत आहे. नाताळ तिकडे आणि नवीन वर्षही तिकडेच, असा बेत असणाऱ्यांनी ती तारीख बघून ठेवावी. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं आणि ते फुकट असतं. त्याचे पैसे मागणाऱ्या साइट्स आहेत, त्यांच्या नादी लागू नका.

क्वालालंपूर कोणी घ्यावं? पाठीवर एक सॅक घेऊन निघणाऱ्या तरुण मंडळींनी, दिवाळीची जोडसुट्टी टाळून, दोन दिवस हातात ठेवून खुशाल घ्यावं. आमच्या सोसायटीतली दोन मुलं तशी गेली, मजेत गेली, आणि वाचलेल्या पैशांत मलेशियाचं लंकावी बेटही करून आली. ज्यांच्या बॅगांची संख्या माणसांच्या संख्येला टेकते आणि ज्यांच्यासोबत साठीपुढचं कोणी आहे, त्यांनी मात्र आधी थेट विमानाच्या मधल्या वारांचं भाडं बघावं. आणि परतीचं विमान संध्याकाळचं घ्यावं. जहाज सकाळी धक्क्याला लागतं खरं, पण हजारो माणसं आणि त्यांच्या बॅगा खाली उतरायला वेळ लागतो, सकाळी दहाचं स्वस्त विमान त्यात हुकतं.